कललं की थांबायचं

मी एक जुनी घोडी आहे. जुनी म्हणते, कारण 'म्हातारी' हा शब्द मला आवडत नाही. माझं नाव रोजी. एके काळी माझा रंग चांगला तांबूस होता. आता तोंडाभोवती पांढरे केस आले आहेत आणि खालचा ओठ जरा लोंबतो. वटार गावात तुळशीदासच्या केळीच्या वाडीला लागून एक बावखल आहे. पावसाचं गोडं पाणी साठवणाऱ्या तळ्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. त्याच्या काठच्या उंडीच्या झाडाखाली मी दिवसभर उभी असते. येणारे-जाणारे म्हणतात, "तुळशीदासने हिला अजून कशाला पोसलीय?" माझे कान अजून तिखट आहेत, मला सगळं ऐकू येतं. म्हणून ठरवलं, मित्रांनो, की आपली हकीकत आपणच सांगून टाकावी.

माझं तरुणपण टांग्यात गेलं. माझा मालक सॅन्टन. वसई रोड स्टेशनवरून पापडी, तिथून बाजार आणि किल्ला, हा आमचा रस्ता. तेव्हा मोठी लढाई चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी धूळ खात पडल्या होत्या आणि आमची मात्र चंगळ होती. पानांच्या करंड्या, केळीचे लोंगर, छत्री सांभाळत चर्चमध्ये मिस्साला निघालेल्या बायका, नवरानवरी, सगळ्यांना मी वाहून नेलं. माझ्या कपाळावर लाल गोंडा असायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याची ऐट होती.

सॅन्टनने मला एक गोष्ट शिंगरू असल्यापासून शिकवली होती. टांग्यात मागे बसलेला माणूस उतरायला निघाला की त्याचं वजन एका बाजूला जातं आणि गाडीच्या दांड्या किंचित हलतात. ते मला खांद्यावर कळायचं. ओझं कललं की थांबायचं, कोणी 'थांब' म्हणेपर्यंत वाट बघायची नाही. संध्याकाळी घरी जाताना सॅन्टन आपल्या पोरांना माझ्या पाठीवर बसवायचा. एखादं पोर घसरायला लागलं की मी उभी राहायची आणि मग मला गुळाचा खडा मिळायचा. अशी ती सवय माझ्या हाडात मुरली. म्हाताऱ्या उतारूंना आमचाच टांगा हवा असे. सॅन्टन सगळ्यांना सांगायचा, "आमच्या रोजीला लगाम लागत नाय. मानूस कलला की ती उभी!"

लढाई संपली, देश स्वतंत्र झाला आणि थोड्याच दिवसांत रस्त्यावर एसटीची मोटार आली. तिला ना चारा लागे, ना गोंडा. उतारू तिच्याकडे वळले. सॅन्टनचे गुडघेही धरू लागले होते. दिवाळीनंतर एका सकाळी त्याने मला टांग्याला जुंपलं नाही. नुसतं दावं धरून तो मला वटारला घेऊन आला. तुळशीदासच्या वाडीच्या फाटकापाशी त्याने अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढला, जसा तो आपल्या पोरांच्या कपाळावर काढत असे. मग माझ्याकडे न बघता तुळशीदासला म्हणाला, "मारू नको हां तिला. तिला सगलं समजतं." आणि लंगडत निघून गेला. मी बराच वेळ त्या वाटेकडे मान करून उभी होते.

तुळशीदासला घोडी नको होती, रेडा हवा होता. त्याच्या विहिरीवर रहाट होता. मोठं लाकडी चाक, त्यावरून खाली सोडलेली मातीच्या गाडग्यांची माळ. जनावर विहिरीभोवती गोल फिरलं की चाक फिरायचं, गाडगी भरून वर यायची आणि पाणी पाटातून वाडीत जायचं. रेडा पावसाळ्यात मेला होता. केळी, पानवेली, मोगरा, सगळं तहानलेलं होतं आणि जवळपास दुसरा रेडा मिळत नव्हता. म्हणून मी.

रहाटाला जुंपलेल्या जनावराच्या डोळ्यांवर झापड बांधतात, नाहीतर त्याला घेरी येते. स्टेशनचा रस्ता नजरेखालून घातलेली मी, आता झापड बांधून एकाच जागी गोल गोल फिरू लागले. रस्त्यावरची पोरं कुंपणातून ओरडायची, "रेड्याच्या जागी घोडी! रेड्याच्या जागी घोडी!" मला फार लाज वाटली. टांग्यात निदान कुठेतरी पोचायचं तरी असे.

तुळशीदास माझ्याजवळ नसायचा. तो दूर केळीत फावडं घेऊन पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवत असायचा. रहाट कुरकुरत असेपर्यंत त्याला काळजी नव्हती. कुरकुर थांबली की तिकडून त्याचा आवाज यायचा, "ए! चल!" आमच्या गावात सगळ्या वाड्यांची कामं अशी कानांवर चालायची.

आता कांताबद्दल सांगते. तिचं खरं नाव चंद्रकांता. तुळशीदास आणि जिजाची ती एकुलती एक मुलगी. सात वर्षांची. त्या श्रावणात तिला ताप आला होता. ताप चार दिवसांनी उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला आणि पाठही लुळी करून गेला. तिला बसवलं की ती हळूहळू एका बाजूला कलायची आणि मग पडायची. जिजा तिला भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या वळकट्या लावून ठेवायची. पापडीचे डॉक्टर येऊन गेले होते. ते भले माणूस होते. म्हणाले होते, "तिला झोपवून ठेवू नका. पाठीला काम द्या. जितकं हलेल तितकं बरं." आणि शाळेचे मास्तर म्हणाले होते, "आधाराशिवाय बसता येऊ लागलं की आणा तिला. मी पहिल्या रांगेत बसवीन." शाळेत सगळी मुलं जमिनीवर मांडी घालून बसत. टेकायला काही नव्हतं. म्हणजे कांताची शाळा एवढ्याशा गोष्टीवर अडली होती, की तिला नुसतं बसता यावं.

आईबापांना कळत होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं. जिजा रोज तेल लावून तिचे पाय चोळायची, तिला बसवायची, आणि कांता रडायची. "नको गो आई, नको! माजी पाठ मोडते!" जिजाचाही धीर सुटायचा. मग ती लेकीला परत आडवी करायची आणि स्वतः पडवीत जाऊन डोळे पुसायची.

कांता माझ्या पाठीवर कशी आली, ते अगदी साधं आहे. मोगऱ्याच्या कळ्या खुडायला जिजाला विहिरीजवळ थांबावं लागे. कांताला घरात एकटं ठेववत नव्हतं आणि विहिरीच्या काठावर खाली ठेवण्याची भीती वाटे. ती सरपटत कुठे गेली तर? एक दिवस जिजाने जुनं लुगडं घडी करून माझ्या पाठीवर टाकलं, कांताला वर बसवलं, तिच्या कमरेवरून माझ्या पोटाखालून एक पट्टा बांधला आणि म्हणाली, "घट धर तिचे केस. इथे मला दिसत तरी राहशील."

माझ्या डोळ्यांवर झापड होती. त्यामुळे मी कांताला आधी पाठीने ओळखलं, डोळ्यांनी नंतर. काय हलकी होती ती! आमच्या टांग्यातल्या पानाच्या करंड्या तिच्यापेक्षा जड असत. मी चालू लागले. चार पावलं गेले असेन, तोच ओझं डावीकडे सरकलं.

मी थांबले.

रहाटाची कुरकुर थांबली. केळीतून आवाज आला, "ए रोजे! चल!" जिजा धावत आली, तिने कांताला सरळ केलं. मी निघाले. ओझं पुन्हा सरकलं, मी पुन्हा थांबले. त्या सकाळी केळीची दोन आळीसुद्धा धड भिजली नाहीत. तुळशीदास चिखलाच्या पायांनी तरातरा आला. "काय झालं हिला? काल तर चालत होती!"

"दमली असेल," जिजा म्हणाली.

"दमली कसली! अडेल आहे ती. सॅन्टनने गळ्यात मारली माझ्या." त्याने हातातली काठी उगारली. पण सॅन्टनचं बोलणं आठवलं असावं, कारण ती माझ्या अंगावर पडली नाही.

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. कांता घरी असली की मी नीट चालायची आणि ती पाठीवर असली की थांबत थांबत. पण हे तुळशीदासच्या लक्षात कसं येणार? तो केळीत, त्याच्या कानावर फक्त रहाट. त्याला वाटायचं, घोडीला लहर आली की चालते, लहर गेली की थांबते. जिजाला वाटायचं, पोरीला बसवलेलं घोडीला आवडत नाही. एकदा तिने कांताला बसवायचं बंदच केलं, तर कांताने रडून घर डोक्यावर घेतलं. भिंतीला टेकून बसण्यापेक्षा माझी पाठ तिला शंभर पटींनी बरी वाटत होती. तिथून तिला बावखल दिसायचं, बगळे दिसायचे, बापाचं मुंडासं दिसायचं.

मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली. एका दुपारी कुंपणाशी मनवेलपाड्याकडचा एक वीटभट्टीवाला येऊन उभा राहिला. त्याला विटा वाहायला जनावर हवं होतं. माझे दात बघितले, पाय दाबले. म्हणाला, "भट्टीवर अडेल जनावर दोन दिवसांत सरल होतं. चाबूक हाय ना!"

तुळशीदासने हातातलं फावडं खाली टेकवलं. मग म्हणाला, "होळी होऊ दे. तवर नाय सुधारली तर घेऊन जा."

मित्रांनो, भट्टी काय असते ते मला माहीत होतं. भट्टीवरची जनावरं मी स्टेशनच्या रस्त्यावर पाहिली होती. त्यांच्या पाठीवर केस नसतात.

कांताने हे सगळं वरून ऐकलं. तो माणूस गेल्यावर ती माझ्या मानेवर वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, "तू का थांबतेस, मला माहीत हाय. मी वाकडी झाले की तू थांबतेस." मी कान हलवला. दुसरं काय करणार?

त्या संध्याकाळी तिने बापालाही सांगितलं. "बाबा, ती अडेल नाय. मी पडते ना, म्हनून ती थांबते." तुळशीदास थकलेला होता. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. "जनावराला येवढी अक्कल असती तर मग काय पायजे होतं!"

आपलं बोलणं खरं धरलं गेलं नाही, की काही मुलं रुसतात. कांता रुसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझे केस मुठीत धरले आणि ताठ बसली. मला पाठीवर कळत होतं, तिचं सगळं अंग थरथरत होतं. अर्धा फेरा झाला आणि ती कलली. मी थांबले. "ए रोजे!" अशी हाक केळीतून यायच्या आत ती स्वतःच धडपडत सरळ झाली. जिजाला यावं लागलं नाही. मी निघाले.

डॉक्टर म्हणाले म्हणून ती कधी सरळ बसली नव्हती. आईने रडून सांगितलं म्हणूनही नाही. पण मी भट्टीवर जाऊ नये म्हणून ती बसू लागली. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. कधी दुखून डोळ्यांत पाणी यायचं, ते माझ्या मानेवर टपकायचं. मी तिला मदत करायची म्हणून पावलं संथ टाकायची, एकसारखी, धक्का न देता. टांग्यात पोटुशी बाई बसली की मी अशीच चालत असे. तिचा तोल जायला लागला की मी थांबायची. तिने सावरून घेतलं की निघायची. आम्ही दोघी असं काही ठरवून बोललो नव्हतो, पण आमचं चांगलं जमलं होतं.

माघ महिना लागला. थांबणं कमी झालं. मग एक सकाळ अशी गेली की रहाट एका दमात कुरकुरत राहिला आणि शेवटच्या आळ्यापर्यंत पाणी पोचलं. मोगऱ्याला नवी पालवी फुटली. तुळशीदास खूश झाला. कुंपणावरून शेजारच्या हरिभाऊंना त्याने ओरडून सांगितलं, "घोडी सुधारली हो आमची!"

"मी म्हटलंच होतं," हरिभाऊ म्हणाले. त्यांनी कधीच काही म्हटलं नव्हतं.

गावात तीच बातमी झाली. तुळशीदासची घोडी सुधारली. कोणी म्हणालं, वटारचं पाणी मानवलं. कोणी म्हणालं, मीठ-मिरची ओवाळून टाकली म्हणून. मला इतकं हसू येत होतं! मी होते तशीच होते. माझ्यात सुधारण्यासारखं मुळात काही नव्हतं.

होळी झाली आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवाला दावं घेऊन हजर. तुळशीदास त्याला हसत म्हणाला, "अरे, आता कशाला देऊ? घोडी सुधारली. बघ, कशी चालते." मी कांताला घेऊन फिरत होते. कांताने ते ऐकलं आणि तिला राग आला. माझ्या वतीने आलेला राग होता तो.

"बाबा, ती नाय सुधारली!" ती मोठ्याने म्हणाली. "ती पयल्यापासून चांगली हाय! बगा!"

आणि ती मुद्दाम डावीकडे कलली. मी थांबले. ती सरळ झाली. मी निघाले. ती उजवीकडे कलली. मी थांबले. ती सरळ झाली, मी निघाले.

तुळशीदासची पावलं जागच्या जागी थांबली. मला झापडीमुळे दिसत नव्हतं, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. "पुन्ना कर," तो म्हणाला. कांताने पुन्हा केलं. आपल्या आपण कलली, आपल्या आपण सरळ झाली. जिच्या दोन्ही बाजूंना वळकट्या लावाव्या लागत होत्या, ती पोरगी.

आता त्याला कळलं. घोडीचं नव्हे, पोरीचं. चार महिने तो केळीत उभा राहून लेकीची पाठ बरी होताना ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, आपण घोडीचा आवाज ऐकतोय.

पाटातलं पाणी भरून वाहू लागलं. आळं फुटलं, पाणी मोगऱ्यातून वाटेवर गेलं. तुळशीदास ते वळवायला गेला नाही. त्याने माझी झापड वर सरकवली, पट्टा सोडला, कांताला उचललं आणि विहिरीजवळच्या सारवलेल्या जागेवर ठेवलं. तिचे लुळे पाय हाताने घडी करून मांडी घातली. मग हळूच आपले हात काढून घेतले. जिजा कळ्यांची परडी घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

कांता बसली. कशालाही न टेकता. थोडी हलली, सावरली आणि बसून राहिली. जिजाच्या हातातली परडी खाली पडली आणि सगळ्या कळ्या चिखलात गेल्या.

भट्टीवाल्याने आपलं दावं गुंडाळून खांद्यावर टाकलं. जाताना तो माझ्या मानेवर हात ठेवून गेला. त्याचा हात खरखरीत होता, पण त्या हातात चाबूक नव्हता.

जूनमध्ये कांता शाळेत पहिल्या रांगेत बसली. मास्तरांनी शब्द पाळला. तिला न्यायला-आणायला अर्थात मीच होते, पुन्हा लाल गोंडा लावून. पुढे काठीच्या आणि माझ्या आधाराने ती उभी राहिली, चालूही लागली. धावणं तिला कधी जमलं नाही. ते मीही तिला देऊ शकले नाही, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

ही गोष्ट सॅन्टनला कळली. मग काय विचारता! गुडघे दुखत असूनही तो दर रविवारी मिस्सानंतर गावोगाव सांगत सुटला. पापडीच्या डॉक्टरांनीही दोन-तीन घरी निरोप धाडले. नायगावहून हिलरी नावाचा मिठागरवाला आपल्या मुलाला घेऊन आला. त्या मुलाचे हातपाय जन्मापासून ताठ होते. पाठीवर बसून माझी ऊब लागली की ते हळूहळू सैल पडत. एक वीस वर्षांची मुलगी यायची, ती कोणाशीच बोलत नसे. माझ्याशी बोलायची. काय बोलायची ते मी सांगणार नाही, तिने मला विश्वासाने सांगितलं आहे. सगळी बरी झाली असं नाही. पण परत जाताना त्यांची तोंडं येतानापेक्षा हसरी असत, एवढं मी छातीवर हात ठेवून, म्हणजे खूर ठेवून सांगेन.

पुढे तुळशीदासने विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं. रहाट काढून ठेवला. मला वाटलं, झालं, आता आपला दाणा बंद. पण रविवार आला आणि जिजाने लुगड्याची घडी माझ्या पाठीवर टाकली. मी पोरांना घेऊन त्याच जुन्या वाटेने विहिरीभोवती फिरू लागले. आता झापड नाही, कुरकुर नाही, पाणीही नाही. हरिभाऊ हसायचे, "तुळशीदासची घोडी विहिरीतून वारा काढते!" तुळशीदास म्हणायचा, "काढू दे." आणि कांता विहिरीच्या काठाशी काठी टेकून उभी राहायची आणि एखादं पोर कललं, मी थांबले, की हळूच म्हणायची, "घाई नको. सावर. ती थांबलीय तुझ्यासाठी."

मित्रांनो, आता मला पाठीवर कोणाला घेता येत नाही. शहाणपण सांगण्याचा मला फारसा अधिकार नाही, पण एक मागणं आहे. वाटेत एखादं जनावर थांबलं, एखादं मूल अडलं, तर लगेच त्याला अडेल म्हणू नका. हातातली काठी खाली ठेवा आणि ते कशासाठी थांबलंय ते आधी बघा. आणि ज्यांनी तुम्हाला पाठीवर वाहिलं, ती जुनी झाली म्हणून त्यांना फाटकाबाहेर काढू नका.

काल संध्याकाळी आम्ही बावखलावरून घरी येत होतो. कांता एका हाताने काठी टेकत होती, दुसरा हात माझ्या मानेवर होता. चढावर माझे मागचे पाय लटपटले आणि मी डावीकडे कलले.

कांता थांबली. मी सावरून सरळ उभी राहीपर्यंत ती तशीच उभी होती. मगच आम्ही निघालो.